कांद्याला गंधक: एकाच आकड्यांवर एफ ०.६५ आणि ७.००, थिसिसमध्ये कोणता लिहायचा?

पातीचा_कांदा

नमस्कार मंडळी. एमएस्सी ॲग्री, मृदाशास्त्र, दुसरं वर्ष. रब्बी कांद्याला गंधकाच्या चार मात्रा दिल्या होत्या: हेक्टरी ०, १५, ३० आणि ४५ किलो. वाण एन-२-४-१. नत्र, स्फुरद, पालाश सगळ्यांना सारखं. शेत उताराचं आहे. वरच्या अंगाला मुरूम उघडा पडलाय, खालच्या अंगाला भारी काळी. म्हणून उताराला आडवे चार पट्टे पाडले, प्रत्येक पट्ट्यात चार वाफे, आणि कुठल्या वाफ्याला कुठली मात्रा हे दर पट्ट्याला वेगळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवलं. कडेच्या ओळी सोडून वाफा २.४ बाय २ मीटरचा. माना पडल्यावर काढणी केली, पात कापून वजन घेतलं.

वाफ्यामागे किलो, वरच्या पट्ट्यापासून खालच्या पट्ट्याकडे (इथे समजायला सोपे जावेत म्हणून आकडे गोल केलेत, मूळ प्रयोगात ट्रीटमेंट जास्त आहेत):

टी१ (गंधक ०): ८, ९, १२, १३. सरासरी १०.५
टी२ (१५ किलो): ८, ११, १४, १५. सरासरी १२
टी३ (३० किलो): ९.५, १२.५, १२.५, १५.५. सरासरी १२.५
टी४ (४५ किलो): १०.५, ११.५, १३.५, १६.५. सरासरी १३

एक्सेलमध्ये 'ॲनोव्हा: सिंगल फॅक्टर' (गटांच्या सरासऱ्यांत खरा फरक आहे का ते बघणारी चाचणी) लावलं तर एफ (मात्रांमधला फरक भागिले योगायोगाचा फरक) ०.६५, म्हणजे सरळ एनएस (नॉन-सिग्निफिकंट, फरक योगायोगाचाही असू शकतो). हेच आकडे हिस्सारच्या कृषी विद्यापीठाच्या ऑपस्टॅट सॉफ्टवेअरमध्ये आरबीडी (प्रत्येक पट्ट्याच्या आत चिठ्ठ्या टाकलेला प्रयोग) म्हणून भरले तर एफ ७.००. रूममेट म्हणते सिग्निफिकंट आलेला लिहून टाक. पण व्हायवाला विचारलं तर काय सांगू? एकाच आकड्यांवर इतका फरक कसा पडतो ते कुणी नीट सांगेल का?

तिरकस

रूममेट हुशार आहे. पुढे प्रोफेसर होणार.

आकडेमोड

दोन्ही उत्तरं गणित म्हणून बरोबर आहेत. पण ती दोन वेगळ्या प्रयोगांची आहेत, आणि त्यातला एकच तू शेतात केलेला आहेस.

एक वाफा घेऊ. टी४, सगळ्यात खालचा पट्टा, १६.५ किलो. सोळा वाफ्यांची सरासरी १२. खालच्या पट्ट्याची सरासरी १५, म्हणजे त्या जमिनीत असण्याचे ३ जास्त. टी४ ची सरासरी १३, म्हणजे ४५ किलो गंधकाचा १ जास्त. १२ + ३ + १ = १६. उरला अर्धा किलो. तो ना जमिनीच्या पट्ट्याचा, ना गंधकाचा. कुठे रोपं दाट लागली असतील, कुठे पाणी जास्त वेळ थांबलं असेल. आता टी२ चा सगळ्यात वरचा वाफा बघ, ८ किलो: १२ − ३ + ० = ९, आणि उरला वजा १.

सोळाही वाफ्यांचे असे तुकडे पाड, प्रत्येक तुकड्याचा वर्ग कर, आपापल्या रकान्यात बेरीज कर. एकूण वर्गांची बेरीज तुझ्या आकड्यांत बरोबर १०० येते. त्यातले पट्ट्यांचे ८०, गंधकाचे १४, उरलेल्याचे ६. ॲनोव्हा म्हणजे एवढंच खातं.

पुढे भागाकार. गंधकाचे १४ भागिले ३ डीएफ (स्वातंत्र्याचे अंश; मात्रा चार, म्हणून ३), म्हणजे ४.६७. एररचे, म्हणजे उरलेल्याचे, ६ भागिले ९ डीएफ (३ गुणिले ३), म्हणजे ०.६७. त्यांचं गुणोत्तर ७.००. टेबलमध्ये ३ आणि ९ डीएफला ५ टक्क्यांची मर्यादा ३.८६ (याहून मोठा एफ निव्वळ योगायोगाने शंभरात पाचदाच येतो), एक टक्क्याची ६.९९. तू दोन्ही ओलांडतेस, दुसरी जेमतेम.

सिंगल फॅक्टरला पट्टे माहीतच नाहीत. त्याने पट्ट्यांचे ८० आणि एररचे ६ एकत्र केले, ८६ ला १२ ने भागलं, ७.१७ आलं. ४.६७ भागिले ७.१७ म्हणजे ०.६५. मुरूम आणि काळी यांच्यातला सगळा फरक त्याने 'योगायोग' म्हणून लिहिला, आणि त्या ढिगाखाली तुझं गंधक गाडलं गेलं.

अजून एक. गंधकाचा काहीच परिणाम नसता तर भागाकारातला वरचा आणि खालचा आकडा दोन्ही एकाच गोंगाटाचं माप असते आणि एफ १ च्या आसपास आला असता. १ च्या चांगलाच खाली आलेला एफ कधीकधी सांगत असतो की एररमध्ये काहीतरी मोठं घुसलंय, जे बाहेर काढायला हवं होतं.

एक्सेलमध्येच करायचं असेल तर 'ॲनोव्हा: टू-फॅक्टर विदाउट रेप्लिकेशन' निवड. नाव वाचून पोरं बिचकतात, कारण रेप्लिकेशन (एकाच मात्रेची पुनरावृत्ती) तर चार आहेत! पण एक्सेलला रेप्लिकेशन म्हणजे एका चौकटीत एकाहून जास्त आकडे. तुझ्या प्रत्येक पट्ट्यात प्रत्येक मात्रा एकदाच आहे, म्हणून विदाउट.

तिरकस

पटलं नाही. निकाल आवडला नाही की मॉडेल बदलायचं, आवडला की 'हेच योग्य होतं' म्हणायचं. उद्या मी सोळा वाफ्यांमध्ये आणखी एखादा 'पट्टा' शोधून एफ वाढवून दाखवतो.

आकडेमोड

शंका रास्त आहे, उत्तर तिच्या पहिल्या पोस्टमध्येच आहे: 'दर पट्ट्याला वेगळ्या चिठ्ठ्या टाकून'. पट्टे पेरणीआधी ठरले होते आणि चिठ्ठ्या पट्ट्याच्या आत टाकल्या होत्या. चिठ्ठ्या जशा टाकल्या तसंच विश्लेषण करायचं, एफ कितीही येवो. सोळाही वाफ्यांसाठी एकत्र चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर तो सीआरडी (पट्टे नसलेला प्रयोग). तेव्हा योगायोगाने एखाद्या मात्रेचे तीन वाफे काळीत गेले असते, आणि मग काढणीनंतर पट्टे आखून आरबीडी म्हणता आलं नसतं. व्हायवाला हेच एक वाक्य सांग. उलट आरबीडी आखून सीआरडीने विश्लेषण करणंही तितकंच चूक.

निवृत्त_मास्तर

छान चाललंय. म्हाताऱ्याचं दोन पैशांचं पुराण ऐका.

ही सगळी विद्या शेतातूनच आलेली आहे. लंडनच्या उत्तरेला हार्पेंडन गावी रॉथॅमस्टेड नावाचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या ब्रॉडबाल्क शेतात १८४३ पासून गव्हाचा खत-प्रयोग चालू आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये तिथे गेले तेव्हा सत्तराहून जास्त वर्षांच्या आकड्यांच्या वह्या साठल्या होत्या, आणि कुठलं खत चांगलं हे ठामपणे सांगता येत नव्हतं, कारण पाऊस, जमीन, तण सगळं एकमेकांत मिसळलेलं. त्या गुंत्यातून वर्गांच्या बेरजेची फोड, चिठ्ठ्या टाकून वाटप आणि ब्लॉक (म्हणजे आपले पट्टे) या गोष्टी उभ्या राहिल्या. १९२५ च्या त्यांच्या पुस्तकाने त्या जगभर गेल्या. 'एफ' हे अक्षर मात्र त्यांनी दिलेलं नाही. ते अमेरिकेतल्या स्नेडेकर यांनी १९३४ मध्ये फिशरच्या सन्मानार्थ ठेवलं.

आणि आपल्याकडे? कुठल्याही कृषी विद्यापीठाच्या लायब्ररीत जाऊन थिसिसचं तिसरं प्रकरण उघडा, शेवटच्या परिच्छेदात पानसे आणि सुखात्मे सापडतीलच. विनायक गोविंद पानसे इंदूरच्या संस्थेत कापसावर काम करत होते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, लंडनला शिकून आलेले. दोघांचं शेतीच्या संख्याशास्त्रावरचं पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये काढलं. दाखला देणाऱ्यांतल्या निम्म्यांनी तरी ते कधी उघडलेलं नसतं, हे मी एवढे थिसिस तपासल्यावर खात्रीने सांगतो. उघडावं. सोडवलेली उदाहरणं आपल्याच पिकांची आहेत.

बाई, एक खोट काढतो. चार बाय चारमध्ये एररला ९ च डीएफ राहतात. साधारण १२ तरी असावेत असा आमच्याकडे दंडक होता. पाच रेप्लिकेशन घेतले असते तर १२ झाले असते.

पातीचा_कांदा

मास्तर, जागा आणि मजूर दोन्ही कमी पडले. :) मूळ प्रयोगात ट्रीटमेंट जास्त असल्यामुळे तिथे डीएफ पुरतात.

आता पुढचा प्रश्न. सीडी (क्रिटिकल डिफरन्स; दोन सरासऱ्यांत याहून जास्त फरक असला तरच तो सिग्निफिकंट) काढला. एररच्या ०.६७ वरून एसई(डी) (दोन सरासऱ्यांच्या फरकाची प्रमाणित चूक) ०.५८, ९ डीएफला टेबलातला टी हा गुणक २.२६२, म्हणजे सीडी १.३१. टी१ पेक्षा टी२ दीड किलोने जास्त, म्हणजे सिग्निफिकंट. टी२, टी३, टी४ ॲट पार (आपसात सिग्निफिकंट फरक नाही). असंच लिहू ना?

दूरदेशी

मी इकडे अमेरिकेत औषधांच्या चाचण्यांच्या आकडेवारीत काम करते. इथे सीडी, म्हणजे आम्ही ज्याला एलएसडी म्हणतो, तो कुणी मान्य करणार नाही. चार गटांत सहा जोड्या होतात. गटांमध्ये खरा फरक शून्य असला तरी सहापैकी एखादी तरी जोडी ५ टक्क्यांवर 'सिग्निफिकंट' दिसण्याची शक्यता २० टक्क्यांच्या घरात जाते. दहा वाण घेतले तर ४५ जोड्या, मग विचारूच नका. ट्युकीची चाचणी लाव, ती सगळ्या जोड्या एकत्र धरून मर्यादा ठरवते. तुझ्या आकड्यांना ट्युकीची मर्यादा १.८० येते. म्हणजे टी१ आणि टी२ मधला दीड किलो टिकत नाही, टी३ आणि टी४ टिकतात.

निवृत्त_मास्तर

ताई, आधी एफ सिग्निफिकंट आला तरच सीडी बघायचा, एरवी टेबलात एनएस लिहून पुढे जायचं, हा नियम त्याचसाठी आहे. औषधाने माणूस दगावतो. इथे चुकून गंधकाचा एक हप्ता जास्त पडेल. उलट खरा फरक असून तो 'नाही' म्हणून सोडला तर शेतकऱ्याचं नुकसान होतं, ते कोण मोजणार?

दूरदेशी

तो नियम तीन गटांपर्यंत नीट पुरतो. चार-पाचच्या पुढे एखादी ट्रीटमेंट खरोखरच वेगळी निघाली की एफचं दार उघडतं, आणि मग बाकीच्या सारख्या असलेल्या जोड्या मोकाट आत येतात. फक्त कंट्रोलशीच तुलना करायची असेल तर डनेटची चाचणी आहे, ती ट्युकीएवढी कडक नाही. पण तीही साधारण १.६ मागेल. टी२ तिथेही बाहेरच.

बांधावरून

मंडळी, दोन एकर कांदा आहे म्हणून विचारतो. टी२ आत का बाहेर यावर तुमचं भांडण मिटेपर्यंत माझी लागवड उरकायची. किती गंधक टाकू ते सांगा.

आकडेमोड

बांधावरून दादांनी नेमकं बोट ठेवलं. टी२ विरुद्ध टी१ हा प्रश्नच इथे चुकीचा आहे, सीडीने विचारा नाहीतर ट्युकीने.

चार वेगवेगळे वाण असते तर जोड्या लावणं समजू शकतो. भीमा शक्ती आणि एन-२-४-१ यांच्या मधे काही नसतं. पण इथे ०, १५, ३०, ४५ ही एकाच गोष्टीची चढती मात्रा आहे. १५ आणि ३० च्या मधे २० आहे, २५ आहे. प्रश्न असा हवा: मात्रा वाढेल तसं उत्पादन कसं वाढतं? सरळ रेषेत, की कुठेतरी वाकतं?

त्यासाठी गंधकाच्या त्या १४ चीच आणखी फोड करायची. समान अंतराच्या चार मात्रांना सरळ रेषेचे गुणक −३, −१, १, ३. सरासऱ्यांना लावले की −३१.५ − १२ + १२.५ + ३९ = ८. त्याचा वर्ग ६४, गुणिले ४ रेप्लिकेशन, भागिले गुणकांच्या वर्गांची बेरीज २०. आलं १२.८. म्हणजे १४ पैकी १२.८ एकट्या सरळ चढाचे आहेत! त्याला १ डीएफ, एफ १९.२, मर्यादा ५.१२. वाकण्याचा भाग, गुणक १, −१, −१, १: आला १.०, एफ १.५, एनएस. उरलेले ०.२ तिसऱ्या वळणाचे, सोडून द्या.

म्हणजे निष्कर्ष असा लिहायचा: ४५ किलोपर्यंत गंधकाच्या दर १५ किलोमागे वाफ्याला सरासरी ०.८ किलो कांदा वाढला. वाफा ४.८ चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टरी साधारण साडेसोळा क्विंटल. हे वाक्य 'टी२, टी३, टी४ ॲट पार' पेक्षा कितीतरी कामाचं आहे. ॲट पार वाचून सल्ला देणारा म्हणेल १५ किलोच टाका, बाकी वाया. आणि आकडे तसं म्हणत नाहीत.

दादा, हे गोल केलेले आकडे आहेत, शिवाय एका शेताचे, एका हंगामाचे. त्यावर तुमची मात्रा ठरवू नका. माती परीक्षणात गंधक किती आलंय ते आधी बघा.

बांधावरून

परीक्षण केलंय, कमीच दाखवलंय. पण एक सांगा. माझंही रान असंच, वर मुरूम खाली काळी. गंधकाचा फायदा मुरमाला जास्त की काळीला?

आकडेमोड

या प्रयोगातून ते सांगता येणार नाही. प्रत्येक पट्ट्यात प्रत्येक मात्रा एकदाच आहे, त्यामुळे 'मुरमात गंधक वेगळं वागतं' आणि 'त्या वाफ्यात योगायोगाने काहीतरी झालं' हे वेगळं काढायला जागाच नाही. दोन्ही त्या एररच्या ६ मध्ये एकत्र बसलेत. ते जाणून घ्यायचं तर एका पट्ट्यात प्रत्येक मात्रेचे दोन-दोन वाफे हवेत.

चाकणकर

गंमत वाटली वाचून. आमच्याकडे गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात हेच रोज चालतं, फक्त कांदा नसतो. गेज आर अँड आर (मोजणीच्या साधनाची तपासणी) म्हणतात. दहा नग, तीन ऑपरेटर, प्रत्येकाने प्रत्येक नग दोन-तीनदा मोजायचा. नग, ऑपरेटर, दोघांचा मेळ आणि खुद्द मायक्रोमीटर, असे वेगळे वाटे काढायचे. तिथे कोणता ऑपरेटर वेगळा हे महत्त्वाचं नसतं, एकूण फरकात मोजणीचा वाटा किती ते हवं असतं. १० टक्क्यांच्या आत असला तर उत्तम, ३० च्या वर गेला तर आधी गेज सुधारा, मग नगांना नावं ठेवा. आणि आम्ही प्रत्येक नग पुन्हा मोजतो म्हणून आम्हाला तो 'मेळ' काढता येतो, जो वर दादांना हवा होता.

पातीचा_कांदा

रेषेचं उत्तर फार आवडलं. गाईडना दाखवते. आता उंचीचं. प्रत्येक वाफ्यात पाच झाडांना टॅग लावून पातीची उंची घेतली आहे. म्हणजे मात्रेमागे २० आकडे, एकूण ८०. मग एररचे डीएफ भरपूर मिळतील ना? मास्तरांची तक्रारही मिटेल.

निवृत्त_मास्तर

अगदी इथेच पोरं पडतात!

चिठ्ठी वाफ्याला टाकली होती, झाडाला नाही. एका वाफ्यातली पाच झाडं एकाच मातीत, एकाच पाण्यावर, एकाच गंधकावर वाढली. ती एकमेकांसारखी असणारच. ८० आकडे सुटे धरलेस तर एरर खोटा लहान दिसेल आणि नसलेले फरक सिग्निफिकंट होतील. पाच झाडांची सरासरी काढ, वाफ्याला एक आकडा ठेव, आणि सोळा आकड्यांवरच आरबीडी कर. डीएफ ९ चे ९. जास्त झाडं मोजल्याने त्या वाफ्याचा आकडा पक्का होतो, वाफे वाढत नाहीत.

तिरकस

बरं, आणि आकडे नॉर्मल (घंटेच्या आकारात पसरलेले) आहेत का ते कुणीच विचारलं नाही. मी तर नेहमी आधी ती चाचणी करतो आणि नापास झालं की क्रुस्कल-वॉलिस (आकड्यांऐवजी त्यांचे क्रमांक वापरणारी चाचणी).

दूरदेशी

चाचणी करायची तर उरलेल्या तुकड्यांवर कर, मूळ वजनांवर नको. मुरूम आणि काळी एकत्र घातल्यावर मूळ वजनं बेढब दिसणारच, त्यात काही बिघडत नाही. आणि क्रुस्कल-वॉलिस हा सीआरडीचा भाऊ आहे, तो पुन्हा पट्टे विसरतो. पट्ट्यांसाठी फ्रीडमनची चाचणी, तीच १९३७ मध्ये मिल्टन फ्रीडमन यांनी काढलेली, ज्यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मी आत्ता हिच्या आकड्यांवर करून पाहिली: ७.७७, मर्यादा ७.८१. काठावर हुकली. प्रत्येक पट्ट्यात फक्त पहिला-दुसरा नंबर बघायचा आणि किती किलोने ते फेकून द्यायचं, तर एवढी किंमत मोजावीच लागते.

समान प्रसरणाची काळजी नॉर्मलपेक्षा जास्त कर. एका मात्रेचे उरलेले तुकडे अर्ध्या किलोत आणि दुसरीचे पाच किलोत पसरले असतील तर एकच एरर सगळ्यांना लावणं अन्याय आहे. हिच्याकडे तसं काही दिसत नाही.

पातीचा_कांदा

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. कांदा चाळीत ठेवलाय, प्रत्येक वाफ्याचा वेगळ्या जाळीच्या पिशवीत. दर महिन्याला सड आणि मोड आलेल्या कांद्यांची टक्केवारी घेणार आहे, चार महिने. महिना हा दुसरा फॅक्टर धरून मात्रा गुणिले महिना असं टू-फॅक्टर करू?

आकडेमोड

साधं टू-फॅक्टर नको. दर महिन्याला तू त्याच पिशव्या बघणार. पहिल्या महिन्यात जी पिशवी सडकी निघाली ती चौथ्या महिन्यातही पुढेच असणार, आकडे सुटे नाहीत. सोपा मार्ग: दर महिन्याचं वेगळं आरबीडी, चार टेबलं. थोडा पुढचा मार्ग: मात्रा मुख्य प्लॉट आणि महिना सबप्लॉट धरून स्प्लिट प्लॉट, बरेच गाईड ते मान्य करतात. आर हे सॉफ्टवेअर येत असेल तर पिशवीला रँडम धरून मिक्स्ड मॉडेल.

टक्केवारीचं म्हणशील तर पहिल्या महिन्यात बहुतेक पिशव्या शून्य ते पाच टक्क्यांत असतील, तिथे पसारा कमी असतो आणि मधल्या टक्क्यांत जास्त. पसारा सारखा व्हावा म्हणून टक्केवारीचं आर्कसाइन रूपांतर करून विश्लेषण करतात ते यासाठी. फक्त टेबलात मूळ टक्केवारीही छापा, रूपांतरित आकडा कंसात. आणि प्रत्येक पिशवीत सुरुवातीला किती कांदे होते हे आत्ताच वहीत लिहून ठेव. पन्नासातले पाच आणि दोनशेतले वीस दोन्ही १० टक्केच दिसतात, पण त्यांचा भरवसा सारखा नसतो.

बांधावरून

आणि सडका निघालेला दर महिन्याला बाहेर काढा बरं का. पिशवीत तसाच ठेवला तर पुढच्या महिन्यात शेजारचे चार घेऊन जाईल, मग ते गंधकाच्या नावावर जमा होतील.

आकडेमोड

हे मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरला कळणार नाही. काढलेले कांदे महिनावार मोजून लिहायचे आणि टक्केवारी मात्र सुरुवातीच्या संख्येवरच काढायची.